कुलूप चोरासाठी, जाच गिऱ्हाइकाला

कपाटाला कुलूप लावायचं ते चोराच्या भीतीनं. पण पैसे मोजून आणलेल्या कपाटाची किल्ली दुकानदाराच्याच कनवटीला राहिली तर? मैत्रिणींनो, संगणकावरच्या खेळांच्या बाबतीत गेली चाळीस वर्षं असंच चाललंय!

सुरुवात झाली कॅसेटच्या जमान्यात. इंग्लंडमध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा छोटा संगणक घरच्या टीव्हीला जोडत आणि खेळ साध्या कॅसेटवर मिळत. दोन कॅसेटांचा टेपरेकॉर्डर असला की नक्कल तयार! म्हणून १९८४ साली ‘जेट सेट विली’बरोबर रंगीत संकेतांचं एक कार्ड आलं. कार्डावरच्या ठरावीक घरातले रंग सांगितल्याशिवाय खेळ सुरूच होत नसे. रंगीत झेरॉक्स तेव्हा सहजी मिळत नव्हती. युक्ती नामी खरी. पण ज्यांना रंगांतला फरक कळत नाही त्यांनी काय करायचं? आणि कार्ड हरवलं की पैसे पाण्यात.

पुढे याच संगणकावरच्या ‘एलिट’बरोबर प्लॅस्टिकचं भिंग दिलं गेलं. ते पडद्याला लावून वेडीवाकडी अक्षरं वाचायची. टीव्ही फार मोठा किंवा फार लहान असला तर अक्षरं जुळतच नसत. त्यात काहींच्या डब्यात भलत्याच खेळाचं भिंग निघालं!

२००८ साली ‘स्पोर’ला अट होती, की तो तीनच संगणकांवर चालू करता येईल. गिऱ्हाइकं खवळली, तेव्हा मर्यादा पाचावर नेली. चोरून घेणाऱ्यांना मात्र ही अट नव्हतीच! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

२०१५ साली आलेल्या ‘विंडोज १०’ने ‘सेफडिस्क’ या जुन्या कुलपाला थारा दिला नाही. त्यामुळे रीतसर घेतलेल्या कित्येक तबकड्या मूळ रूपात चालेनाशा झाल्या. ‘द क्रू’ हा खेळ तर कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालतच नसे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाला आणि खेळही संपला.

आता कंपन्यांचं म्हणणंही खोटं नाही. खेळ बनवणाऱ्यांचं पोट त्यावरच आहे आणि फुकटात नक्कल करणं ही चोरीच. मुलांना आपण तेच शिकवायला हवं. पण प्रामाणिकपणे पैसे देणाऱ्याच्या वाट्याला मनस्ताप यावा, हा कुठला न्याय?

तेव्हा मुलांसाठी खेळ घेताना तीन गोष्टी जरूर विचारा. एकट्यानं खेळतानाही सतत इंटरनेट लागतं का? किती संगणकांवर चालेल? संगणक बदलला तर पुन्हा घालता येईल का? ‘जीओजी’सारखं दुकान २००८पासून बिनकुलपाचे खेळ विकतं; त्यांची प्रत स्वतःसाठी पेनड्राइव्हवर जपून ठेवता येते. भाजी घेताना आपण चार जुड्या उलटसुलट करून पाहतो. मग शेकडो रुपयांच्या खेळाच्या अटी न वाचता पैसे का द्यायचे?