बी मेले की आम्ही मारले?

मागच्या पावसाळ्यात आम्ही दारातल्या जुन्या डब्यांत घरचेच झेंडूचे बी पेरले. धाकटीने पंधरा दिवस पाणी घातले. एकही कोंब आला नाही. दोष मातीला दिला, पण चूक आमची होती. नीट न सुकलेले बी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून शेगडीवरच्या फळीवर ठेवले होते.

बी वाळलेले दिसले तरी जिवंत असते, श्वास घेते. ओल आणि उष्णता मिळाली, की त्याच्यातले अन्न लवकर संपते, बुरशीही लागते. ढोबळ हिशेब असा, की बियांतला ओलावा १ टक्क्याने घटला, तर त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते.

म्हणून भगिनींनो, झाडावरच वाळलेली फुले खुडा. बी आठवडाभर सावलीत सुकवा, कागदाच्या पुडीत बांधून वर तारीख लिहा. पुडी कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर ठेवा. पेरण्यापूर्वी १० बिया ओल्या फडक्यात गुंडाळा. फडके सुकू देऊ नका. आठवड्यात ८ रुजल्या तर खुशाल पेरा, ४-५ रुजल्या तर बी दुप्पट टाका. एकही रुजली नाही, तर हंगाम वाया घालवू नका, दुसरे बी आणा.

यंदा आमच्या १० पैकी ८ रुजल्या. धाकटीने स्वतः मोजल्या!