समरकंदला लेक निघाली...

बारावीचा आणि ‘नीट’चा निकाल लागला, की क्लासच्या भिंतींवर ‘परदेशात एमबीबीएस’च्या जाहिराती झळकू लागतात. त्यात हल्ली एक नाव हमखास दिसतं, समरकंद! इतिहासाच्या पुस्तकात तैमूर आणि बाबराबरोबर वाचलेलं हे गाव आता आपल्या घरातल्या बोलण्यात आलंय.

आयांचा पहिला प्रश्न ठरलेला. “ताई, पोरगी तिथं खाईल काय हो?”

तर मैत्रिणींनो, समरकंद उझबेकिस्तानात आहे. दिल्लीहून ताश्कंद विमानाने तीनेक तास, पुढे दोन-अडीच तास वेगवान रेल्वे. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. बीबी खानुम मशिदीला लागूनच सियोब बाजार आहे. तिथे कांदे, बटाटे, टोमॅटो, डाळिंबं, सुकामेवा सगळं मिळतं. गंमत म्हणजे उझबेक भाषेत ‘सब्जी’ म्हणजे गाजर! ‘सब्जी द्या’ म्हटलं, तर गाजरंच पदरात पडायची. तंदुरात भाजलेली जाडजूड ‘नान’ ही तिथली भाकरी. ती पालथी ठेवायची नाही, टाकायची नाही. अन्नाचा मान आपल्यासारखाच. मात्र त्यांचा पुलाव मांसाचा, म्हणून शाकाहारी मुलींना हाताने रांधायची सवय हवी. थंडीत रात्री पारा शून्याखाली जातो, उन्हाळ्यात चाळिशीला टेकतो.

परगावचे विद्यार्थी या शहराला नवे नाहीत. रेगिस्तान चौकात उलुगबेगाचा मदरसा उभा आहे. तैमूरच्या या नातवाने तो १४१७ ते १४२० या काळात बांधला. तिथे गणित आणि खगोलशास्त्र शिकवलं जाई. काझीजादा रूमी हा गणिती तर आजच्या तुर्कस्तानातल्या बुर्साहून इथे आला होता.

आजचं सरकारी वैद्यकीय विद्यापीठ १९३० सालचं. युक्रेनमध्ये २०२२ साली युद्ध पेटलं, तेव्हा शिक्षण अर्धवट राहिलेल्या आपल्या सुमारे हजार मुलांना याच विद्यापीठाने सामावून घेतलं.

म्हणजे जेवण, थंडी, परकं गाव, यातून मुली निभावतात. खरी परीक्षा पुढेच आहे. वर्गात इंग्रजी चालतं, पण वॉर्डातल्या आजीबाई “पोटात कसं दुखतं” हे उझबेक, ताजिक नाहीतर रशियनमध्ये सांगणार. ते कळलं नाही, तर मुलगी खाटेजवळ नुसती उभी राहील. पुस्तक पाठ होईल, पण रोगी वाचता येणार नाही.

आणि परतल्यावर? इथे डॉक्टरकी करायची, तर सध्या एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते. ३०० पैकी १५० गुण हवेत, आणि बसणाऱ्यांपैकी बहुसंख्य मुलं नापास होतात. ‘पॅकेज’ सांगणारा एजंट हे सांगत नाही. घरचे मात्र तोवर शेताचा तुकडा विकून, दागिने गहाण टाकून बसलेले असतात.

म्हणून पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराच. मुलगी ‘नीट’ पात्र आहे ना? २०२१ च्या नियमांप्रमाणे निदान ५४ महिन्यांचं शिक्षण इंग्रजीतून आहे ना? त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आहे ना? त्या पदवीवर खुद्द त्या देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळतो ना? उत्तरं तोंडी नकोत, कागदावर घ्या. शिवाय तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीशी एजंटाला बाजूला ठेवून फोनवर बोला. हॉस्टेल कसं आहे, वॉर्डात रोगी किती वेळा बघायला मिळतात, हे तीच खरं सांगेल.

मुलीला पाठवू नका, असं मी म्हणणार नाही. आपल्या पिढीला तालुक्याचं कॉलेजही लांब वाटायचं. या मुली विमानाने निघाल्यात, याचं कौतुकच आहे. फक्त तिच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी तिथली भाषा बोलायला शिकवणारं एक पुस्तकही ठेवा. आणि दर आठवड्याच्या फोनवर “जेवलीस का?” विचारून झालं, की पुढे विचारा, “आज रोग्याशी काय बोललीस?”