यू वृक्ष आणि केल्टिक प्रश्नविद्या

पाश्चात्त्य देशांत गेल्या काही दशकांत ‘केल्टिक वृक्षप्रश्न’ या विषयावरील पुस्तके, पत्त्यांचे संच आणि कोरलेल्या काड्यांच्या थैल्या मोठ्या प्रमाणावर विकल्या जात आहेत. थैलीत हात घालावा, एक काडी बाहेर काढावी, तिच्यावरील खुणेवरून वृक्ष ओळखावा आणि त्या वृक्षाच्या अर्थावरून आपल्या प्रश्नाचे उत्तर जाणावे, असा हा प्रकार आहे. यांतील विसावी खूण यू या वृक्षाची असून, ‘मृत्यू आणि पुनर्जन्म’ असा तिचा अर्थ सांगितला जातो. ही सारी विद्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ड्रुइड पुरोहितांकडून जशीच्या तशी चालत आली आहे, असेही आग्रहाने प्रतिपादिले जाते. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या अध्यापकांना या विषयावर विद्यार्थ्यांचे प्रश्न आज ना उद्या येणारच. म्हणून यूपुरता का होईना, या परंपरेतील जुने किती आणि नवे किती याचा शोध घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम लिपीचा विचार करू. या खुणा ज्या लिपीतून घेतल्या आहेत तिला ओगम म्हणतात. दगडाच्या उभ्या कडेवर, तिच्या दोन्ही बाजूंस किंवा तिला छेदून एक ते पाच रेघा अथवा खाचा पाडून अक्षरे लिहावयाची, अशी तिची रचना आहे. अक्षरे वीस असून त्यांचे पाच-पाचांचे चार वर्ग आहेत. नंतरच्या हस्तलिखितांत आणखी पाच अक्षरांची भर पडलेली दिसते. असे लेख असलेल्या सुमारे चारशे शिळा आज ज्ञात आहेत. त्यांतील बहुसंख्य आयर्लंडच्या दक्षिण भागात, विशेषतः केरी परगण्यात असून, काही वेल्स, स्कॉटलंड, कॉर्नवॉल आणि मॅन बेटावर आहेत. त्यांचा काळ स्थूलमानाने चौथ्या ते सातव्या शतकाचा. या शिळांवर आढळते काय, तर ‘अमक्याच्या मुलाचा, तमक्याचा’ अशा स्वरूपाची षष्ठ्यन्त नावे. भविष्यकथनाचा एकही शब्द त्यांत नाही. म्हणजे ही लिपी निदान दगडांवर तरी स्मारकाची आणि मालकीची भाषा बोलते.

अक्षरांना वृक्षांची नावे आहेत, हे मात्र अंशतः खरे आहे. जुन्या आयरिश भाषेत अक्षराला ‘फिद’ म्हणत आणि ‘फिद’ म्हणजेच लाकूड किंवा झाड. पहिले अक्षर ‘बेह’ म्हणजे भूर्ज, सातवे ‘दाइर’ म्हणजे ओक, नववे ‘कोल’ म्हणजे हेझल. यावरून विसांच्या विसांना वृक्षनामे समजण्याचा प्रघात मध्ययुगीन आयरिश पंडितांनी पाडला. परंतु डेमियन मॅकमानस यांनी इ. स. १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ओगमविषयक ग्रंथात शब्दांची छाननी करून दाखविले आहे, की निश्चितपणे वृक्षवाचक म्हणता येतील अशी नावे आठांच्या आसपासच आहेत. उरलेल्या नावांवर वृक्ष मागाहून बसविले गेले.

यूचे अक्षर विसावे. त्याचे नाव ‘इदद’. आयरिशमध्ये यूला नेहमीचे शब्द ‘इवर’ आणि ‘एओ’ हे आहेत. ‘इदद’ हा त्यांपैकी कोणताच नव्हे. त्याच्या आधीच्या ‘एदद’ या अक्षराशी यमक जुळावे म्हणून त्याचे रूप घडले असावे, असे दिसते. तरीही या अक्षराचा यूशी संबंध जुना आहे. जुन्या आयरिशमध्ये प्रत्येक अक्षरासाठी दोन-दोन शब्दांच्या कूटोक्तींच्या तीन माला आहेत. इददसाठी त्यांपैकी एकीत सर्वांत वयोवृद्ध झाड, दुसरीत वृद्धांमध्ये सुंदर आणि तिसरीत दुर्बळाच्या अंगचे बळ असा आशय आहे. हे उखाणे आहेत आणि त्यांचे प्रयोजन पाठांतर व कविशिक्षण हे होते. त्यांत शकुन नाही. परंतु यूविषयीची जुनी भावना कोणती, हे त्यांतून स्वच्छ कळते. तिचा गाभा वार्धक्याचा आहे. मृत्यूचा उल्लेखसुद्धा तिन्हींत नाही.

मग यू आणि प्रश्नविद्या यांचा संबंध येतो कोठून? याला एक खराखुरा आधार आहे आणि तो एका कथेत आहे. एतीन या राणीची कथा आयरिश पुराणवाङ्मयात प्रसिद्ध आहे. टेकड्यांच्या पोटात राहणाऱ्या दिव्य लोकांपैकी मिदिर हा एतीनला तिचा पती राजा एओखद याच्यापासून घेऊन जातो. राजा सारे आयर्लंड धुंडाळतो. राणीचा माग लागत नाही. तेव्हा, या कथेच्या एका पाठात, तो दल्लान नावाच्या आपल्या ड्रुइडाला शोध लावण्याची आज्ञा करतो. दल्लान यूच्या चार काठ्या करतो, त्यांवर ओगम लिहितो आणि आपल्या ज्ञानाच्या किल्ल्यांनी व त्या ओगमने जाणतो, की एतीन ब्री लेथ येथील मिदिरच्या टेकडीत आहे.

यू, ओगम आणि गुप्त गोष्टीचे ज्ञान ही तिन्ही येथे एकत्र येतात, म्हणून हा उतारा अमोल आहे. परंतु तो काय सांगत नाही हेही पाहिले पाहिजे. काठ्यांवर कोणती अक्षरे लिहिली, त्या फेकल्या की उचलल्या, खुणांचा अर्थ कसा लाविला, यांविषयी कथाकार अवाक्षर काढीत नाही. शिवाय ज्या काळात ही कथा लेखनिविष्ट झाली, त्या काळात आयर्लंड ख्रिस्ती होऊन काही शतके लोटली होती आणि लेखक मठातील होते. आपल्या पूर्वजांची प्रश्नविद्या कशी असेल याविषयीची त्यांची कल्पना आपल्याला येथे मिळते. प्रत्यक्ष विधीची नोंद मिळत नाही.

लाकडाने कौल घेण्याची चाल मात्र निःसंशय होती. आयरिशमध्ये चिठ्ठी टाकण्याला ‘क्रान्खुर’ म्हणत. शब्दशः ‘लाकूड टाकणे’. अनेक संशयितांतून अपराधी ठरविण्यासाठी जुन्या आयरिश कायद्यात हिचा उपयोग सांगितला आहे. वेल्श भाषेतील ‘कोयलब्रेन’ या शब्दातही शकुन आणि लाकूड हे दोन अर्थ जोडलेले आहेत. आपल्याकडे गोव्यात व कोकणात देवाला कौल लावतात, तो फुलांच्या पाकळ्यांनी. येथे साधन लाकडाचे, एवढाच फरक.

असा कौल घेताना यूच का, याचे उत्तर त्या झाडाच्या स्वभावात सापडते. यू सदाहरित असून अत्यंत मंद वाढतो. त्याचा गाभा पोकळ झाला तरी झाड मरत नाही. जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मुळे फुटून नवी खोडे उभी राहतात. त्यामुळे त्याचे वय मोजणे कठीण होते. स्कॉटलंडमधील फॉर्टिंगल येथील यूचे वय दोन-तीन हजार वर्षे सांगितले जाते; पण त्यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. बियांभोवतीचा तांबडा गर सोडल्यास या झाडाचे जवळजवळ सर्वांग विषारी आहे. गॉलमधील एबुरोनेस जमातीचा राजा कातुवोल्कुस याने इ. स. पूर्व ५३ मध्ये यूच्या विषाने प्राण दिला, असे ज्यूलियस सीझरने लिहून ठेविले आहे. आणि त्या जमातीचे नावच मुळी यूवरून पडले असावे, असे भाषापंडित मानतात. लाकूड चिवट व टिकाऊ. आयरिश कायद्यात यूची गणना ‘वनातील सरदारां’मध्ये ओक, हेझल, हॉली, अ‍ॅश, पाइन आणि रानटी सफरचंद यांच्या जोडीने केली आहे, ती मुख्यतः त्याच्यापासून होणाऱ्या उत्तम भांड्यांमुळे. जे झाड माणसाच्या अनेक पिढ्या पाहते, ज्याच्या पाल्यात मरण आहे आणि ज्याच्या फळीवर कोरलेले अक्षर टिकते, त्याच्याकडे हरवलेल्या माणसाचा ठावठिकाणा विचारावा, हे स्वाभाविकच होते.

या भावनेचा दुसरा साक्षीदार म्हणजे बाले आणि आलिन यांची कथा. एकमेकांच्या मृत्यूची खोटी वार्ता ऐकून हे प्रेमिक मरतात. बालेच्या थडग्यावर यू आणि आलिनच्या थडग्यावर सफरचंदाचे झाड उगवते. पुढे कवी त्या दोन झाडांच्या लेखनपट्टिका करून त्यांवर प्रेमकथा लिहितात. त्या पट्टिका टारा येथे राजासमोर आणल्या असता एकमेकींकडे झेपावतात आणि कोणालाही विलग करता येऊ नयेत अशा जडून जातात. यू येथे स्मृती जपणारे लाकूड झाला आहे.

आता अर्वाचीन थराकडे वळू. इ. स. १६८५ मध्ये रॉडरिक ओ’फ्लॅहर्टी यांनी आपल्या लॅटिन ग्रंथात या वर्णमालेची एक यादी दिली. तिचा उपयोग करून इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी इ. स. १९४८ मध्ये ‘द व्हाइट गॉडेस’ या ग्रंथात तेरा व्यंजनांचे तेरा महिने कल्पिले. प्रत्येकी अठ्ठावीस दिवस आणि वर एक दिवस, असे त्यांनी वर्ष पुरे केले. स्वरांना त्यांनी ऋतुसंधींची स्थाने दिली आणि यूला वर्षान्ताशी व मृत्यूशी जोडले. असे पंचांग प्राचीन केल्टांत होते, याला पुरावा नाही. विशेष हे, की ग्रेव्ह्ज यांचे आजोबा चार्ल्स ग्रेव्ह्ज हे स्वतः ओगमचे साक्षेपी अभ्यासक होते. पुढे इ. स. १९८८ मध्ये लिझ व कॉलिन मरे यांचा पत्त्यांसह ग्रंथ आला आणि आज चालू असलेली प्रश्नपद्धती रूढ झाली.

तेव्हा निष्कर्ष असा. यूचे वार्धक्य व सामर्थ्य हा अर्थ जुना आहे. यूच्या काठ्यांनी गुप्त गोष्ट जाणण्याची कल्पना मध्ययुगीन कथेइतकी जुनी आहे. ‘मृत्यू आणि पुनर्जन्म’ असा ठराविक अर्थ व तो काढण्याची रीत मात्र विसाव्या शतकातील आहे. नवे असणे हा दोष नाही. कवीला प्रतीक घडविण्याचा अधिकार आहेच. परंतु नव्यावर जुनेपणाचा शिक्का मारला, की दल्लानच्या कथेतील ते मोलाचे मौन बुजून जाते आणि खरी परंपरा दिसेनाशी होते.

आम्हां भारतीय वाचकांना या अभ्यासात आणखी एक लाभ आहे. आयरिश ‘दाइर’ आणि आपला ‘दारु’ हे शब्द एकाच मुळाचे. आणि ‘ड्रुइड’ या शब्दाचा उत्तरार्ध आपल्या ‘विद्’ धातूशी सगोत्र आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पूर्वार्धात ओक वृक्ष आहे की केवळ ‘दृढ’ असा अर्थ आहे, याविषयी मतभेद आहेत. हे नाते शब्दांचे आहे, विधींचे नव्हे. त्यावरून ड्रुइडांना ऋषी ठरविण्याची घाई करू नये. वर्गात हा विषय निघाल्यास अध्यापकांनी शिळा, कथा आणि पत्ते हे तीन थर फळ्यावर वेगवेगळे मांडावे आणि प्रत्येकापुढे त्याचे शतक लिहावे. एवढे केले तरी विद्यार्थी पुढचे प्रश्न स्वतःच विचारू लागतील.