परिवीक्षेतील अटींचा भंग आणि वाहतूक गुन्हे : दंडाचे खरे स्वरूप

अपराध्याला तुरुंगात न पाठविता सुधारण्याची संधी देणे, हा अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा हेतू आहे. कलम ४ अन्वये न्यायालय दोषी व्यक्तीस लगेच शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर कमाल ३ वर्षांसाठी मुक्त करू शकते. मात्र ही माफी नव्हे. शिक्षा केवळ लांबणीवर पडलेली असते.

बंधपत्रातील अटींचा भंग सिद्ध झाल्यास कलम ९ लागू होते. भंग प्रथमच झाला असल्यास न्यायालय बंधपत्र कायम ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करू शकते; अथवा मूळ गुन्ह्याची शिक्षा तत्काळ सुनावू शकते. ५० रुपयांची ही रक्कम आज क्षुल्लक वाटते. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने मद्यपान करून वाहन चालविण्याच्या पहिल्या गुन्ह्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

परंतु बंधपत्रावर मुक्त असलेल्या तरुणाने हाच गुन्हा केल्यास वाहतूक गुन्ह्याची शिक्षा तर होतेच, शिवाय ते वर्तन अटींचा भंग ठरून मूळ शिक्षाही ओढवू शकते. तशी शिक्षा झाल्यास दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून कलम १२ ने दिलेले संरक्षणही संपते. त्याचा परिणाम नोकरीवर होऊ शकतो.

सारांश, परिवीक्षेतील खरा दंड रुपयांत नसून राखून ठेवलेल्या शिक्षेत आहे. विद्यार्थ्यांना कायदा शिकविताना हा भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे.