भाग आठ ते भाग नऊ : गोव्याची वाट

आपल्या संविधानात मुळात २२ भाग, ३९५ अनुच्छेद आणि ८ अनुसूची होत्या, हे शाळकरी मुलांनाही पाठ असतं. पुढे कुठे भर पडली, कुठला भाग गळला, ते स्पर्धा परीक्षांची पुस्तकं सांगतातच. पेडणे-डिचोलीतल्या अभ्यासवर्गांत मी वर्षानुवर्षं मांडत आलो ती गोष्ट वेगळी आहे : एखादी तरतूद कोणत्या भागात बसवली, यावर तिचं बळ ठरतं. भागांचे मथळे ही केवळ मांडणीची सोय, असं म्हणणारे विद्वान आपल्यात आहेत. त्यांनी हे मथळे हाती धरून गोव्याचा इतिहास एकदा वाचावा.

२६ जानेवारी १९५० ला भाग दोननुसार देशाचे नागरिक ठरले, तेव्हा आम्ही पोर्तुगालच्या अमलाखाली होतो. आम्हाला नागरिकत्व मिळालं ते मुक्तीनंतर, १९६२ च्या आदेशाने. त्याच वर्षी बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव पहिल्या अनुसूचीत आलं आणि आमचा मुक्काम भाग आठमध्ये, संघ राज्यक्षेत्रांत पडला. विधानसभा आली, भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं. पण ती विधानसभा संसदेच्या १९६३ च्या कायद्यावर उभी होती. भाग सहामधली राज्याची विधानसभा मिळायला ३० मे १९८७ उजाडावा लागला. आमच्यापुरती खास तरतूद, अनुच्छेद ३७१ झ, तेवढी भाग एकवीसमध्ये आहे.

भाग पाच, अकरा, तेरा, चौदा ज्याने त्याने घरी वाचावेत. राजभाषेच्या भाग सतरावर गोव्यात इतकं लिहून झालंय की मी तिथे थांबत नाही.

जमिनीपाशी मात्र थांबायलाच हवं. पेडण्यात कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आणि भाटकार (जमीनमालक) यांचं नातं काय होतं, हे माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. शशिकलाताई काकोडकरांच्या मुख्यमंत्रिपदाच्या कारकिर्दीत, १९७६ मध्ये, कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणाऱ्याला मालकीचा हक्क मिळाला. भाटकार न्यायालयात गेले. मग १९८४ च्या ४७ व्या घटनादुरुस्तीने हा कायदा नवव्या अनुसूचीत घातला. त्या अनुसूचीला संरक्षण देणारा अनुच्छेद ३१ ख भाग तीनमध्ये, म्हणजे मूलभूत हक्कांतच आहे. उलट मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने भाग तीनमधून उचलून भाग बारामध्ये, ३०० क मध्ये ठेवला. तो हक्क राहिला, पण मूलभूत राहिला नाही. मथळ्यांना अर्थ नाही म्हणणाऱ्यांनी हे समजावून सांगावं.

आता माझा जिव्हाळ्याचा भाग नऊ. गांधीजींच्या विचारातलं गाव संविधानात आलं ते के. संथानम यांच्या दुरुस्तीमुळे, नोव्हेंबर १९४८ मध्ये. पण त्याची जागा लागली भाग चारमध्ये, अनुच्छेद ४० म्हणून. निदेशक तत्त्वांसाठी न्यायालयाचं दार ठोठावता येत नाही, हे ३७ व्या अनुच्छेदात स्पष्ट आहे. म्हणून पंचायत दुय्यम राहिली. इकडे भाग नऊ मुळात ‘ड’ वर्गातल्या प्रदेशांसाठी होता. १९५६ मध्ये तो रद्द झाला आणि ती जागा रिकामी पडली. ७३ व्या दुरुस्तीने त्याच जागी पंचायती बसवल्या आणि २४ एप्रिल १९९३ पासून गावाला संविधानात स्वतःचा भाग मिळाला. २४३ क मध्ये ग्रामसभा आली. गोव्याचा पंचायत राज कायदा १९९४ चा.

सुरुवातीच्या काळातल्या ग्रामसभा मला आठवतात. रविवारी सकाळी शाळेच्या वर्गात माणसं बाकांवर दाटीने बसायची. सचिवाने मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं की मागून एखादी बाई उठून विचारायची, “आमच्या पाटाचा ठराव घातलाय काय, तो पुरा वाचून दाखवा.” पुरा वाचून होईपर्यंत ती खाली बसत नसे. शिकलेल्या वकिलांनी कमी लेखलेल्या भाग नऊची खरी जाण मी त्या बायकांत पाहिली.

डिचोलीत शिरगाव, मये, लामगाव या भागात खाणींनी शेतं आणि झरी बुजवली. पुढे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलेला पर्यावरणाचा अनुच्छेद ४८ क न्यायालयांत पुन्हा पुन्हा वाचला गेला आणि २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पण त्या थांबल्या सरकारच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. गावाच्या ठरावाने त्या कधी थांबल्या नव्हत्या. आज पेडण्यात मोपाचा विमानतळ झालाय, किनाऱ्याला मोरजी-मांद्रेत जमिनींना सोन्याचा भाव आहे आणि डोंगर कापले जाताहेत. ग्रामसभा विरोधाचे ठराव घेतात, ते वरच्या कार्यालयात जातात आणि ‘नोंद घेतली’ एवढ्या शेऱ्यावर मिटतात. सभेला येणारी माणसंही आता घटली आहेत. ज्या ठरावाने काही होत नाही, त्यासाठी रविवार कोण घालवील?

याचं मूळ भाग नऊमध्येच आहे. ग्रामसभेला काय अधिकार द्यायचे हे २४३ क ने, आणि पंचायतीला किती द्यायचे हे २४३ छ ने राज्याच्या विधानमंडळावर सोडलंय. अकराव्या अनुसूचीत २९ विषय दिले, पण ते सोपवायची सक्ती नाही. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. जमिनीच्या रूपांतराला ग्रामसभेची संमती लागेल, असं कलम १९९४ च्या कायद्यात घालायला घटनादुरुस्ती लागत नाही; पर्वरीत बसणाऱ्या ४० आमदारांचं बहुमत पुरेसं आहे. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या आमदारांनी तरी ते विधेयक मांडावं, एवढी माझी मागणी आहे.