समुद्र नसलेलं भूशिर

धाराशिवपासून अरबी समुद्र सरळ रेषेत तीनशेहून जास्त किलोमीटर. इथल्या शाळांत मुलं भूगोलाच्या तासाला भूशिर, दांडा, पुळण, खाजण हे शब्द पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि विसरतात. कोकणातल्या मुलाला जे खिडकीतून दिसतं ते उमरग्याच्या, भूमच्या मुलाला चित्रावरून समजून घ्यावं लागतं. पण भूशिर म्हणजे काय हे दाखवायला या मुलांना रत्नागिरीला न्यायची गरज नाही. तुळजापूर तालुक्यातलं नळदुर्ग पुरेसं आहे.

नळदुर्ग गाव ज्या पठारावर वसलंय, त्याच पठाराचा एक तुकडा बोरी नदीच्या दरीत पुढे गेला आहे. किल्ला आहे तो या तुकड्यावर. गावाकडून आत शिरताना हा तुकडा अरुंद आहे. दरवाजा आणि मोठे बुरूज तिथेच आहेत. पुढे गेलं की तो पसरत जातो आणि कड्यांवर तटबंदी उभी राहते. १८५३ नंतर काही वर्षं नळदुर्ग हे जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. तेव्हा इथे राहिलेला इंग्रज अधिकारी आणि कादंबरीकार फिलिप मेडोज टेलर याने किल्ल्याचं वर्णन करताना हीच अरुंद मान आणि पुढचं रुंद डोकं नेमकं टिपलं होतं. भूशिराची व्याख्या याहून वेगळी नाही. मुख्य भूमीला जोडलेला, उंच, खडकाळ भाग पाण्यात पुढे घुसलेला आणि तीन बाजूंनी मोकळा. नळदुर्गला कमी होतं ते फक्त पाणी.

ते आदिलशाहीने आणलं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, किल्ला आणि नदीपलीकडचा रणमंडळ हा छोटा किल्ला यांच्यामध्ये बोरीवर दगडी बंधारा उभा राहिला. त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं तेव्हा लोक ते पाहायला सोलापूर-लातूरहून येतात, आणि यावंच. पण धबधबा पाहून परत फिरण्याआधी बंधाऱ्यावरून किल्ल्याकडेही नजर टाकावी. कड्याखाली साठलेलं पाणी, वर तट, मागे गावाकडे गेलेली एकच वाट. किल्ल्याला पिण्याचं पाणी मिळालं आणि शत्रूला नदीच्या बाजूने चढणं अवघड झालं.

कोकणात हेच काम समुद्राने फुकट केलं. विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या मुखाशी, तीन बाजूंना पाणी. चौथ्या बाजूला जमीन होती तिथे खंदक खणला. रत्नदुर्ग तसाच, समुद्रात घुसलेल्या टेकड्यांवर. कोर्लईचा किल्ला कुंडलिका खाडीच्या मुखाशी, खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये गेलेल्या लांबलचक चिंचोळ्या टेकडीवर. तो अहमदनगरच्या निजामशाहीने बांधायला घेतला आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकला. सहाच वर्षांनी, १६०० मध्ये, अहमदनगर मोगलांकडे गेलं आणि मलिक अंबरने निजामशाहीची गादी धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याला आणली. म्हणजे कोर्लई-चौलच्या समुद्राशी नातं असलेली एक सत्ता काही काळ या कोरड्या मुलखात मुक्कामाला होती. परंडा मात्र भुईकोट, सपाटीवरचा. त्याला आधार द्यायला ना कडा होता ना मान.

जमिनीचा एखादाच तुकडा असा पुढे का राहतो? उत्तर दोन्हीकडे एकच. आजूबाजूचं वाहून गेलं, तो राहिला. नळदुर्गचा काळा बसाल्ट आणि कोकणच्या कड्यांचा बसाल्ट एकाच घटनेतून आलेले आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या महापुरातून. कोकणात त्यावर बऱ्याच ठिकाणी जांभ्याचं टोपण आहे, ज्याच्या सपाट माथ्याला तिथे सडा म्हणतात. जिथे खडकाला भेगा जास्त, थर ठिसूळ, तिथे पाणी आत घुसतं आणि जमीन मागे हटते. घट्ट भाग जागचा हलत नाही. नळदुर्गला हे कापणं नदीने केलं, रत्नागिरीला लाटांनी.

लाटांच्या कामात एक गंमत आहे, जी पाठ्यपुस्तकात फारशी उलगडून सांगत नाहीत. समुद्रातून येणारी लाट सरळ रेषेत किनाऱ्यावर आदळत नाही. भूशिरापुढे पाणी आधी उथळ होतं. तळ लागला की लाटेचा तेवढा भाग मंदावतो, आणि शेजारचा खोल पाण्यातला भाग पुढे निघून जातो. त्यामुळे लाट वळते आणि भूशिराला दोन्ही बाजूंनी वेढते. तिचा जोर टोकावर एकवटतो, तर शेजारच्या उपसागरात तो विखुरतो. म्हणून टोकाला कडा, गुहा, कमान, पाण्यात एकटा उरलेला स्तंभ, आणि बाजूच्या वाकणात मऊ वाळूची पुळण. भूशिर आणि पुळण हे शेजारी योगायोगाने नसतात. एकीकडे जोर लागतो म्हणूनच दुसरीकडे वाळू स्थिरावते. याचा पुढचा अर्थ असा की भूशिर कायमचं नाही. समुद्र सगळ्यात जास्त हल्ला त्याच्यावरच करतो, आणि कालांतराने किनारा सरळ होत जातो.

आता शब्द. भूशिर, द्वीपकल्प आणि दांडा यांची सरमिसळ पर्यटनाच्या माहितीफलकांवर सर्रास दिसते. द्वीपकल्प म्हणजे तीन बाजूंनी पाणी असलेली जमीन, लहान असो वा प्रचंड. सौराष्ट्र द्वीपकल्प आहे, आणि दख्खनचं पठार ज्यावर आहे ती सगळी दक्षिणही. त्या अर्थाने उमरग्याचा शेतकरी द्वीपकल्पातच राहतो, समुद्र न पाहता. भूशिरात मात्र उंची आणि खडक यांना महत्त्व आहे. गोव्यात पोर्तुगीजांनी अशा टोकांना काब म्हटलं, आणि काब द राम या किल्ल्याच्या नावात ते राहिलं. डोंगराळ मुलखात पठारापासून उतरत गेलेल्या धारेला सोंड म्हणतात. राजगडाच्या संजीवनी आणि सुवेळा या माच्या अशाच सोंडांवर बांधल्या आहेत. डोकं, मान, नाक, सोंड. जमीन पुढे आली की मराठी तिला अंगाचं नाव देते, मग खाली पाणी असो की दरी.

दांडा वेगळा. तो खडकाचा नाही, वाळूचा. तो उरलेला नसतो, साचलेला असतो. मालवणच्या दक्षिणेला देवबाग पाहा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर घरं आणि माड, आणि टोकाला संगम. अशा पट्टीवर राहणाऱ्या माणसाला दर पावसाळ्यात समुद्राकडे लक्ष ठेवावं लागतं, कारण ज्या पाण्याने वाळू आणली तेच ती परत नेऊ शकतं. भूशिर झिजायला हजारो वर्षं जातात. दांडा एका माणसाच्या आयुष्यात सरकतो.

आणि या दुसऱ्या प्रकारात धाराशिवचा थेट वाटा आहे. जिल्ह्यात पडलेल्या पावसाचा थेंबही अरबी समुद्राकडे जात नाही. बालाघाटाच्या डोंगररांगेने पाणी दोन खोऱ्यांत वाटलेलं आहे. बोरी आणि सीना भीमेला मिळतात, भीमा कृष्णेला. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. म्हणजे तुळजापूर-परंड्याच्या रानातली माती कृष्णेबरोबर आणि तेर-कळंबकडची माती गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. नकाशा उघडून आंध्रचा किनारा पाहिला तर या दोन नद्यांच्या मुखाशी जमीन समुद्रात फुगून बाहेर आलेली दिसते. नद्यांनी आणलेल्या गाळानेच ती पुढे सरकली. गोदावरीच्या उत्तरेकडून काकिनाड्याजवळ वाळूचा एक लांब दांडा निघाला आहे, गेल्या सुमारे दोनशे वर्षांत वाढलेला. होप आयलंड म्हणतात त्याला. काकिनाडा बंदर त्याच्याच आडोशाला आहे.

तेरचं हे नातं माणसांनीही जोडलं होतं, फक्त उलट दिशेने. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या पेरिप्लस या जलप्रवासाच्या पुस्तकात तगर, म्हणजे तेर, हे मोठं शहर आहे. तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचं. त्याच पुस्तकात पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं ओळीने येतात, आणि एका ठिकाणाच्या नावाचा अर्थच ‘द्वीपकल्प’ असा आहे. खलाशाला दुरून जमिनीचा जो आकार दिसायचा, तोच त्याच्यासाठी पत्ता होता. माल पश्चिमेला गेला, माती पूर्वेला.

मातीचा तो प्रवास आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. तेरणेवर तेरजवळ धरण आहे, मांजरेवर धरण आहे, पुढे तेलंगणात १९३१ साली पूर्ण झालेला निजामसागर आहे, आणि तो गाळाने मोठ्या प्रमाणात भरला आहे. कृष्णेवर श्रीशैलम आणि नागार्जुनसागर. धरणाच्या शांत पाण्यात गाळ तळाला बसतो आणि सांडव्यावरून जातं ते जवळजवळ निवळलेलं पाणी. पण लाटांचं काम थांबलेलं नाही, त्या किनाऱ्याची माती नेतच आहेत. भर कमी आणि झीज तेवढीच, त्यामुळे कृष्णा आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशांचा किनारा अनेक ठिकाणी मागे हटू लागला आहे. इकडे आपण उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून शेतात टाकतो, आणि या जिल्ह्यातल्या हलक्या रानांना त्याची गरजही आहे. तिकडे किनाऱ्यावरच्या गावांना तोच गाळ कमी पडतो आहे.