बोट तिचेच हवे

जून २०२३ मध्ये ‘लाडली बहना’ योजनेचा एक हजार रुपयांचा पहिला हप्ता मध्य प्रदेशातील स्त्रियांच्या बँक खात्यांत जमा झाला, त्या दिवसांतील गोष्ट. भोपाळच्या आमच्या शाळेत एका विद्यार्थ्याची आई मोबाइल घेऊन आली. पैसे आले की नाही, एवढेच तिला पाहावयाचे होते. तिने यंत्र आमच्या हाती दिले आणि न विचारताच आपला गुप्त क्रमांकही मोठ्याने सांगून टाकला! कार्यालयात तेव्हा आणखी चार माणसे बसली होती.

घरी हा किस्सा आम्ही हसत सांगितला. सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “तिला निदान स्वतःचा क्रमांक ठाऊक होता. माझा तर तुम्हांलाच ठाऊक!”

आम्ही निरुत्तर झालो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया गोव्यात शेकडा ९१, तर मध्य प्रदेशात अवघ्या ३९ आढळल्या. देशात सर्वांत कमी. ज्या भोपाळवर १९२६ पर्यंतच्या शतकात, थोडा काळ वगळता, चार बेगमांनी राज्य केले, तेथील ही अवस्था! आपली मराठी सुशिक्षित घरे यास अपवाद, ही आमची समजूत त्या एका वाक्याने गळून पडली.

पुढे दर शनिवारी शाळा सुटल्यावर काही माता जमू लागल्या. नियम एकच: शिकविणाऱ्याने त्यांच्या मोबाइलला हात लावावयाचा नाही. ‘चुकीचे बटण दाबले तर पैसे जातील’ ही भीती मोठी. म्हणून पहिला धडा शेजारणीस एक रुपया पाठविण्याचा. यूपीआयचा गुप्त क्रमांक पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. ओटीपी कोणासही सांगू नये. फसगत झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, एवढे पाठ झाले की निम्मी भीती ओसरते.

घरचा धडा मात्र आम्हांसच कठीण गेला. सौभाग्यवतींनी विजेचे बिल भरावयास पाऊण तास घेतला. दोनदा आमचा हात पुढे सरसावला, दोनदा मागे घेतला. अखेर बिल भरले गेले. मग त्यांनी आपला गुप्त क्रमांक बदलला. नवा आम्हांस ठाऊक नाही.

वाचकहो, आपल्या घरात तो कोणास ठाऊक आहे?